तीन सूत

१

मिस्त्रींना घाणीची भयंकर किळस होती, आणि नशिबाने त्यांना धंदा दिला तो नेमका घाण काढण्याचा.

जुन्या चेनसॉ दुरुस्त करणं हे त्यांचं काम. म्हणजे लाकडं कापायच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या, साखळीच्या करवती. त्यातही आजकालच्या प्लॅस्टिकच्या, खेळण्यासारख्या नाहीत. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची निव्वळ धातूची धुडं, उचलली की आठवडाभर कंबर आठवण करून देते अशी. लोक ती बंद पडलेल्या वखारींतून, माळ्यांवरून, वारलेल्या काकांच्या खोल्यांतून शोधून आणत. मिस्त्री ती सुटी करून, धुऊन, घासून, रंगवून पुन्हा गुरगुरायला लावत.

अशी करवत उघडली की पहिलं दर्शन होतं ते लगद्याचं. साखळीला सतत तेल लागतं, तेलात लाकडाचा भुसा मिसळतो आणि तो चिखल बाजूच्या झाकणाआड जाऊन बसतो. वर्षानुवर्षं बसतो. रंग कानातल्या मळासारखा, आणि स्पर्शही तसाच. मिस्त्री चपट्या पेचकसाने तो खरवडून काढत, नाक मुरडत, ज्याची मशीन असेल त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. त्यानंतर ते जे करत, ते पाहून नवा माणूस दोन पावलं मागे सरे. चिमूटभर लगदा बोटांत चोळायचा, हुंगायचा आणि जिभेच्या टोकाला लावायचा.

"निलगिरी. ओली असतानाच कापलीय," असं म्हणून ते थुंकत.

ते कधी चुकत नसत. त्यांच्या उस्तादाची शिकवण होती, की मशीन काय खाऊन जगली ते कळल्याशिवाय तिचं दुखणं कळत नाही. किळस येई ती येईच, पण हात आपोआप तोंडाकडे जाई. जांभई आली की हात जातो ना, तसा.

"त्या तोंडाने माझ्याशी बोलू नका," बायको म्हणायची. ती पुढच्या खोलीत शिवणकाम करी. हात चोख, नजर त्याहून चोख. डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत इस्त्रीच्या चटक्याचा व्रण होता, पट्टीने आखावा तसा सरळ. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला. मिस्त्रींनी हाक मारली म्हणून तिने वळून पाहिलं होतं, एवढंच कारण. त्या व्रणावर मिस्त्रींचा फार जीव होता, पण हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं.

काढलेला लगदा ते टाकून देत नसत. तेल प्यालेला भुसा रॉकेलसारखा पेटतो. वर्कशॉपच्या कोपऱ्यात पत्र्याची शेगडी होती, तिच्यात तो जाई. त्यावर पाणी तापे, सुटे भाग धुतले जात आणि घाणीचं नामोनिशाण उरत नसे. दिवसभरात मिस्त्रींना खरं समाधान मिळायचं ते त्या क्षणी.

२

ते गिऱ्हाईक सकाळी आलं. म्हातारा, पूर्वीचा लाकूडतोड्या. करवत त्याने पोत्यात गुंडाळून आणली होती आणि अंगात कोट होता तो पार ढगळ. बाह्या चारचार वेळा दुमडलेल्या, पॅन्टही तशीच. बायकोने त्याला मनातल्या मनात लगेच नाव ठेवलं, ढगळकाका.

"वरून चमकवा," तो म्हणाला. "रंग, अक्षरं, हँडल. एक जण जुन्या वस्तू जमवतात, ते नेणार आहेत. काचेच्या कपाटात ठेवतील. अकरा-बारा वर्षं पडूनच आहे, चालू व्हायची गरज नाही."

"आणि आतून?"

"आतलं उघडायचं नाही. बाजूचं झाकण तर मुळीच नाही."

मिस्त्री हसले. "अहो काका, आत लगदा असेल. अकरा-बारा वर्षं पडून आहे म्हणता."

"असू दे. भरलेली आहे, भरलेलीच राहू दे."

"का पण?"

 म्हाताऱ्याने पोत्याला हात घातला. "जमत नसेल तर तसं सांगा. मी दुसरीकडे जातो."

मशीन मात्र अशी होती, की मिस्त्रींनी इतक्या वर्षांत तसली एकच पाहिली होती, तीही अर्धीच. त्यांनी मान डोलावली. म्हाताऱ्याने कागदावर पत्ता लिहून दिला आणि तो गेला. चालताना तो एका बाजूला किंचित झुकत होता.

बायको दारात येऊन त्याच्या पाठीकडे बघत राहिली. "अहो, तो कोट उसना नाहीये," ती म्हणाली.

"मग?"

"खांद्यात बरोब्बर बसलाय. गळ्यालाही. त्याच माणसाच्या मापाने शिवलाय कुणीतरी, आणि चांगला शिवलाय. फक्त बाह्या आणि पाय तेवढे लांब." ती जरा थांबली. "मला कुणी त्याचं माप घ्यायला सांगितलं ना, तर मी नको म्हणेन."

३

दोन दिवस मिस्त्रींनी दम धरला. करवत लालभडक झाली, हँडल आरशासारखं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाहिलं तर बाजूच्या झाकणाच्या फटीतून एक तपकिरी थेंब ओघळला होता. पुसला. थोड्या वेळाने पुन्हा तिथंच.

आता वरून कीर्तन आणि आतून तमाशा, हे मिस्त्रींच्या हातून होणं शक्यच नव्हतं. कुणाला कळणार आहे, झाकण परत लावून टाकू, असा विचार करून त्यांनी दोन्ही नट सोडवले.

झाकण निघेना. आतल्या ऐवजाने ते घट्ट धरून ठेवलं होतं. पेचकस घालून उचकटलं तेव्हा चिकट पापणी उघडावी तसा आवाज झाला. आत बोटभरही जागा रिकामी नव्हती. लगदा थराथरांनी दाबून बसला होता. काही थर लाकडाचे होते, ते कळत होते. मधले मात्र फिकट होते, चरबीसारखे पांढुरके, आणि त्यांत बारीक केस होते. उंदराचे असतील, मिस्त्री म्हणाले. वास लाकडाचा नव्हता, तेलाचाही नव्हता. पहाटे तोंड धुण्याआधी आपल्याच तोंडाला असतो तसा, गोडसर, उबट.

त्यांना इतकी किळस आली, की सोडून द्यावं असं वाटलं. पण किळसेपेक्षा अभिमान मोठा असतो. त्यांनी फिकट थरातली चिमूट जिभेला लावली.

खारट. आणि कुठलं झाड, ते आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना सांगता आलं नाही.

त्यांनी चार वेळा चुळा भरल्या, जीभ टॉवेलने खसखसून पुसली. मग सगळा लगदा खरवडला, अगदी कोपरे काडीने टोकरून, आणि शेगडीत ढकलला. तो पेटला तो चरचरत.

"काय जाळताय?" पुढून बायकोचा आवाज आला. "नखं जाळल्यासारखी घाण येतेय!"

झाकणाची आतली बाजू रॉकेलने धुऊन त्यांनी पांढऱ्या फडक्याने पुसली. फडकं पांढरंच राहिलं तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं. झाकण लावून, नट आवळून ते जेवायला गेले.

४

जेवताना वर्कशॉपकडून एक आवाज येत होता. लहान मूल झोपेत दात खातं तसा. थांबत, पुन्हा सुरू होत. मिस्त्रींना वाटलं, वंगण्या हाड चावतोय. वंगण्या म्हणजे त्यांचा म्हातारा कुत्रा. मूळचा पांढरा, पण वर्कशॉपात लोळून लोळून काळा झालेला. नंतर त्यांच्या लक्षात आलं, की वंगण्या तर इथंच आहे, ताटाजवळ, कान टवकारून.

ते परत गेले. झाकणाच्या फटीत तपकिरी थेंब होता.

मिस्त्रींनी नट सोडवले. आत मूठभर लगदा होता. ताजा, ओलसर. तळाशी नीट दाबलेला.

मशीन चालू होण्याचा प्रश्नच नव्हता. प्लग काढलेला. टाकी कोरडी. साखळी आणि पट्टी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली. या मशीनने काही कापणं म्हणजे दात काढून ग्लासात ठेवलेल्या म्हातारीने ऊस खाणं होतं. मिस्त्रींनी चिमूट घेतली, चोळली, हुंगली. जीभ लावली.

"सागवान," ते मोठ्याने म्हणाले. "जुनं. रॉकेल प्यालेलं. आणि कधीतरी वर थिनर सांडलेलं..."

 त्यांनी टेबलाला हात टेकला होता आणि टेबल डुगडुगलं. वरचा एक स्क्रू हळूहळू घरंगळत कडेला गेला आणि खाली पडला.

टेबल त्यांनी स्वतः केलं होतं. सागवानी, चारी पाय चौतीस इंच, लेव्हल लावून तासलेले. मिस्त्रींनी टेप लावला. तीन पाय चौतीस. चौथा तेहेतीस इंच आणि पाच सूत.

इंचाचे आठ सूत. म्हणजे तीन सूत कमी. करंगळीच्या जाडीएवढं. मिस्त्रींनी नकळत खिळ्यावरच्या साखळीकडे पाहिलं. करवत लाकूड कापते तेव्हा जेवढा भाग भुसा होऊन जातो, तेवढी खाच पडते. या मापाच्या साखळीची खाच तीन सुतांची.

पण पायावर खाच नव्हती. सांधा नव्हता. नख फिरवलं तर लागत नव्हतं. फक्त जमिनीपासून वीतभर वर लाकडाच्या रेषा एकमेकींना मिळत नव्हत्या. वरून येणारी रेघ एका जागी संपत होती आणि जरा बाजूला दुसरीच सुरू होत होती. मधलं पान फाडलेल्या वहीसारखं.

५

माणसाला समजुतीचं एक कारण सापडलं की दहा सापडतात. लाकूड आकसतं. जमीन दबते. टेबल करताना आपलीच चूक झाली असेल, इतकी वर्षं लक्षात आली नसेल. उंदीर भुसा ओढून बिळात भरतात हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. मिस्त्रींनी लगदा काढला, जाळला, झाकण धुतलं. दुसऱ्या दिवशी जेवायला जाण्यापूर्वी मशीनभोवती टाल्कम पावडर पसरून ठेवली. उंदराची पावलं उमटतील म्हणून.

पावडरीवर काही उमटलं नाही. लगदा मात्र होता. देवदार, निळा ऑइलपेंट. संध्याकाळी बायको वर्कशॉपचं दार ओढून घेऊन वैतागली. "हे दार का लागत नाहीये? काल तर लागत होतं!" चौकट एका बाजूने खाली बसली होती आणि तिच्या उभ्या लाकडावर, निळ्या रंगाआड, रेषा मिळत नव्हत्या.

खरं तर तेव्हाच हात आखडायला हवा होता. मिस्त्रींच्या मनातही ते आलं. पण आत लगदा आहे हे माहीत असताना तो तसाच ठेवायचा, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. आपल्या तोंडात दुसऱ्याचा घास आहे आणि तो थुंकायचा नाही, असं काहीतरी. त्यांनी तो काढला. दात आवळून, श्वास रोखून काढला, आणि जाळला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी शिसम निघालं. वर जुनं पॉलिश आणि ढेकणांच्या औषधाचा वास. मिस्त्रींना जीभ लावावीच लागली नाही. रात्रंदिवस ओळखीचा वास तो.

"अहो, पलंग हलतोय," बायको चादर बदलताना म्हणाली. "माझ्या बाजूचा पाय आखूड झालाय का?"

मिस्त्रींनी त्या पायाखाली पुठ्ठा सरकवला.  टेबल, दार, पलंग. वर्कशॉपकडून घराकडे चाललंय, एवढं समजायला काही फार अक्कल लागत नव्हती. त्यांनी तोही लगदा जाळून टाकला होता.

६

पुढच्या दिवशी त्यांनी जेवण लवकर उरकलं. झाकण काढलं आणि पेचकस हातातून पडला.

आतलं गरम होतं.

लाकडाचा एक कण नव्हता त्यात. गुलाबीसर, बुळबुळीत, मधे पांढरी कचकच आणि त्यात आखूड काळे केस. तेलकट काळे, मुळाशी पांढरे. मिस्त्री दाराकडे धावले. ते दारापर्यंत पोचले नाहीत, शेगडीतच ओकले. डोळे पुसून वर पाहतात तो वंगण्या आत येत होता, शेपूट हलवत, नेहमीसारखा प्रेमाने. मात्र पुढचा उजवा पाय टाकताना तो दर पावलाला खाली वाकत होता. जिन्याची एक पायरी चुकल्यासारखा.

त्याला काही दुखत नव्हतं. मिस्त्रींनी पाय धरला तर त्याने त्यांचा हात चाटला. रक्त नाही, जखम नाही. टेप लावायची त्यांची छाती झाली नाही. बोटांनी चाचपलं तर एका जागी केसांचा कल बदलत होता.

मिस्त्रींनी झाकण आतल्या ऐवजासकट तसंच दाबून लावलं. नट आवळले. हात साबणाने तीनदा धुतले तरी तो वास जाईना.

"काय झालं हो? ओकलात तुम्ही?" बायको दारात उभी होती, गळ्यात टेप, केसांत दोऱ्याचे तुकडे.

"काही नाही. त्या काकांकडे जाऊन येतो. मशीन घेऊन जा म्हणून सांगतो."

"फिकट पडलाय तुम्ही. पाणी तरी प्या."

"आल्यावर. आणि हे बघ, त्या मशीनला हात लावू नकोस."

"का?"

काय सांगणार? "घाण आहे," ते म्हणाले, आणि पत्त्याचा कागद घेऊन निघाले.

७

घर गल्लीच्या टोकाला होतं. बाहेरून चारचौघांसारखं. म्हाताऱ्याने दार उघडलं आणि मिस्त्री आत शिरले ते कपाळमोक्ष करून घेत. चौकट त्यांच्या भुवयांच्या उंचीला होती. आत टेबल गुडघ्याएवढं. खुर्च्या त्याहून बुटक्या. एका कपाटाचे पायच नव्हते. मिस्त्रींनी चौकटीवर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला. लाकडाच्या रेषा दर चार बोटांवर तुटत होत्या, वरपासून खालपर्यंत.

"उघडलंत," म्हातारा म्हणाला. तो विचारत नव्हता.

"घाण होती आत," मिस्त्री म्हणाले, आणि आपल्याच बोलण्याची त्यांना लाज वाटली.

"मलाही बघवायची नाही. चौदा वर्षं रोज साफ केली. माझी मशीन आरशासारखी असते, असं सांगत फिरायचो वखारीत." तो बुटक्या खुर्चीवर बसला. दुमड सुटलेली एक बाही त्याच्या हातावरून खाली लोंबली. "काढलेलं कुठाय?"

"कशाला?"

"परत भरा. तेच. सगळं. घेतलेलं आत राहू दिलं की गप्प असते."

"जाळलं," मिस्त्री म्हणाले.

म्हाताऱ्याने लोंबणारी बाही पुन्हा दुमडली. नंतर त्याने विचारलं, "आत्ता आत काही आहे?"

"आहे. काढलं नाही."

"मग काढू नका. आहे ते राहू द्या. तेवढंच करा. मशीन माझ्याकडे आणू नका, माझ्या घरात आता..."

"आली का ती?" आतून आवाज आला. चांगला, भरदार, मोठ्या बाईचा आवाज. "अहो, परत आणली का ती?"

"नाही गं," म्हातारा घाईने म्हणाला. "पडून राहा."

मिस्त्रींची नजर आतल्या खोलीत गेली. पलंगावर पांघरूण होतं. उशीवर पिकलेल्या केसांचं, मोठ्या माणसाचं डोकं होतं, आणि पांघरुणाखालचा उंचवटा उशीपासून जेमतेम दोन हातांवर संपत होता. पलीकडे गादी सपाट होती. पांघरूण हललं आणि ती कूस बदलू लागली.

मिस्त्री तिथून निघाले ते धावतच.

८

वाटेत त्यांनी मनाशी हिशेब केला. आत आहे ते वंगण्याचं आहे. बिचारा लंगडेल, पण जगेल. झाकण वेल्डिंग करून टाकायचं. कायमचं. मग मशीन कुठे का राहीना. बायकोला काही सांगायचं नाही. धापा टाकत ते घरात शिरले तर शिवणयंत्र बंद होतं आणि वर्कशॉपकडून साबणाचा वास येत होता.

"आलात?" बायको आतून म्हणाली. "रागावू नका हं. तुम्हाला ओकारी येईपर्यंत किळस आली, म्हटलं आज आपणच उरकावं. इतकी वर्षं सगळी घाण तुम्हीच काढताय. शी! काय भयानक होतं हो ते! नाक दाबून काढलं."

"काढलंस," मिस्त्री म्हणाले.

"काढलं, शेगडीत घातलं, झाकण चकाचक धुतलं. तुम्ही धुता त्याहून चांगलं. परत लावूनही ठेवलंय."

"कधी?"

"झाला की तासभर. नंतर जरा पडले होते, आत्ताच उठतेय."

शेगडीत राख होती. टेबलावर लाल करवत चमकत होती आणि झाकणाच्या फटीत एक थेंब होता.

मिस्त्रींनी नट सोडवले. दुसरा नट हातातून दोनदा निसटला. आत मूठभर होतं. गरम. त्यांनी डोळे मिटले, पण नाक कसं मिटणार? साबणाचा, खडूचा, इस्त्रीखाली तापलेल्या सुती कापडाचा वास आला. आणि त्याखाली आणखी एक, उशीवरचा. वीस वर्षं शेजारी झोपून जो वास येतो हेच माणूस विसरून जातो, तो.

आणि मेंदूने काही म्हणायच्या आत हाताने आपलं काम केलं होतं. चिमूट बोटांत चोळली गेली होती, नाकापाशी गेली होती आणि जिभेच्या टोकाला लागली होती. खारट. मिस्त्री जागच्या जागी गोठले. त्यांनी आवंढा गिळला.

गिळला, हे त्यांना नंतर कळलं.

त्यांनी घशात बोटं घातली. पण दुपारीच सगळं ओकून झालं होतं. कोरडे उमाळे आले, डोळ्यांतून पाणी आलं, दुसरं काही आलं नाही.

मग ते कामाला लागले. बोटांना चिकटलेलं त्यांनी झाकणात पुसलं. नखांतलं टाचणीने काढून पुसलं. पेचकसाच्या पात्यावरचं, नटांच्या आट्यांतलं, टेबलावर पडलेला एक ठिपका, सगळं गोळा करून आत दाबलं. एवढ्या मायेने त्यांनी आजवर कुठलीच घाण हाताळली नव्हती. आणि आजच्याइतकी किळसही त्यांना कधी आली नव्हती. ती घाण कुणाची होती, तेही त्यांना ठाऊक होतं. झाकण लावून त्यांनी नट आवळले, पाना हाताला रुतेपर्यंत. तरी आत मोहरीच्या दाण्याएवढं कमी भरलं असेल. जास्त नाही.

"अहो," बायको दारात आली. चेहरा ताजातवाना, झोपेतून उठल्यासारखा. डावा हात पुढे धरलेला आणि त्यावर खांद्यापासून मनगटापर्यंत टेप लावलेला. "हा टेप बिघडलाय का बघा बरं. स्वतःसाठी झगा शिवायला घेतलाय, तर बाही बावीसची असते ना माझी? कायमची बावीस. आज साडेएकवीस आणि एक सूत भरतेय."

तिने हात उजेडात वळवला. कोपरापासून येणारा व्रण हाताच्या मध्यापर्यंत सरळ आला होता. तिथं तो थांबला होता, आणि जरा बाजूला सरकून पुन्हा सुरू झाला होता.

"बघताय ना?" ती म्हणाली. "आणि तो आवाज कसला येतोय?"

मिस्त्रींनी करवतीवर दोन्ही हात दाबून धरले. टेबल डुगडुगलं. त्यांच्या तळव्यांखाली, झाकणाच्या आत, कुणीतरी अगदी हळू दात खात होतं.